डिक्कीतला बारा इंची अन् लाल दिवा

प्रश्न : सर, माझ्या गाडीत चार चॅनेलचा अ‍ॅम्प आधीपासून आहे. त्याच्या पुस्तिकेत प्रत्येक चॅनेलला ४ ओहमवर ७५ वॉट, २ ओहमवर १०० वॉट आणि दोन चॅनेल ब्रिज केले (जोडून एक केले) तर ४ ओहमवर २०० वॉट असं दिलंय. पुढच्या दोन चॅनेलवर दारातले स्पीकर आहेत. दिवाळीत बारा इंची सबवूफर घेतला. खोक्यावर १२०० वॉट, आत ३०० वॉट आरएमएस (म्हणजे सतत झेपणारी शक्ती), ड्युअल कॉइल, ४ अधिक ४ ओहम. दुकानदाराने मागचे दोन चॅनेल ब्रिज करून जोडून दिला. हळू आवाजात बरा वाजतो, पण बेस आला की अ‍ॅम्पचा लाल दिवा लागतो अन् सगळं बंद. दुकानदार म्हणतो, अ‍ॅम्प कमी पडतोय, मोठा घ्या. घेऊ का? मित्राकडे असाच एक सब पडून आहे, तोही लावला तर?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : थांबा भाऊ, एवढ्यात खिशात हात घालू नका. तुमचा अ‍ॅम्प कमी पडत नाहीये, त्याच्यावर झेपत नाही एवढा भार टाकलाय.

दुकानदाराने दोन्ही कॉइलचे प्लस एकत्र आणि मायनस एकत्र केले असणार, म्हणजे पॅरलल. ४ आणि ४ पॅरलल केले की होतात २ ओहम. आता ब्रिज केलेल्या जोडीत प्रत्येक चॅनेलला भार दिसतो अर्धा, म्हणजे १ ओहम. पुस्तिकेनुसार एका चॅनेलला चालतात कमीत कमी २, म्हणूनच ब्रिजला किमान ४ लिहिलेत. ओहम निम्मे झाले की ओढला जाणारा करंट दुप्पट होतो आणि अ‍ॅम्प स्वतःला वाचवायला प्रोटेक्टमध्ये जातो. त्या लाल दिव्यावर काहून चिडता? तो लागला नसता तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर उडाले असते.

खात्री करायची असेल तर सबची वायर अ‍ॅम्पपासून सोडवा आणि तिच्या दोन टोकांना मल्टीमीटर ओहमवर लावा. मीटरवर नेहमी छापील आकड्यापेक्षा थोडं कमी दिसतं. ४ ओहमची एक कॉइल साधारण साडेतीन दाखवते. पावणेदोनच्या आसपास दिसलं तर पॅरलल, सातच्या आसपास दिसलं तर सिरीज. तुम्हाला पावणेदोनच दिसणार, पैज लावतो.

आता एकच वायर बदला. अ‍ॅम्पचा प्लस पहिल्या कॉइलच्या प्लसला, पहिल्या कॉइलचा मायनस दुसऱ्या कॉइलच्या प्लसला आणि दुसरीचा मायनस अ‍ॅम्पच्या मायनसला. झाले ८ ओहम. दुसरी कॉइल चुकून उलटी जोडू नका. दोन्ही कॉइल एकमेकींविरुद्ध ओढतील, शंकू जागचा हलणार नाही आणि कॉइल मात्र तापत राहतील.

८ ओहमवर प्रत्येक चॅनेलला ४ दिसतात, म्हणून ७५ अधिक ७५, असे १५० वॉट मिळतील. सब ३०० चा आहे, मग अर्धेच? हो, पण वॉट दुप्पट केल्याने आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॉट दहापट. १५० आणि ३०० मधला फरक चालत्या गाडीत, वर्धा रोडच्या ट्रॅफिकमध्ये, किती जाणवेल ते आधी ऐका अन् मगच पैसे काढा. खोक्यावरच्या १२०० चं म्हणाल तर तो आकडा खोके विकायला असतो. जुळवायचं ते आरएमएसशी आरएमएस, तेही तुमच्या जोडणीचे जितके ओहम होतात त्याच रकान्यातलं.

कमी वॉटचा अ‍ॅम्प सब जाळतो, असं दुकानात हमखास ऐकाल. जाळतो तो क्लिपिंगमुळे. अ‍ॅम्पची ताकद संपली तरी गेन, म्हणजे अ‍ॅम्पवरचं सिग्नल जुळवायचं बटण, पिळत राहिलं की लाटेचे माथे सपाट होतात आणि कॉइलमध्ये सरासरी शक्ती वाढते. गेन मीटरने लावा. सब सोडवा, बेस बूस्ट बंद, इक्वलायझर सपाट, स्टीरिओचा आवाज पाऊण. ५० हर्ट्झचा टोन वाजवा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या सबच्या आउटपुटला लावा. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ : १५० गुणिले ८ म्हणजे १२००, वर्गमूळ साडेचौतीस व्होल्टच्या जरा वर. तिथे गेन थांबवा आणि नंतर हात लावू नका. डिक्कीत बसलेला उत्साही भाचा असेल तर त्यालाही सांगा.

एवढं करूनही समाधान नाही झालं तर २ ओहमवर ३०० वॉट आरएमएस देणारा क्लास डी मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा कमी तापणारा अ‍ॅम्प, घ्या. तेव्हा कॉइल परत पॅरलल करायच्या आणि गेन साडेचोवीस व्होल्टला. पूर्ण जोरात तो २७ अँपिअरच्या आसपास खेचेल, म्हणून बॅटरीवरून वेगळी तांब्याची वायर, अन् फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त मिळते, ती नको.

मित्राचा सब? खरं तर हा पर्याय मला आवडला. दोन्ही सबच्या कॉइल आपापल्या सिरीज करा, ८ आणि ८, मग दोन्ही सब पॅरलल करा : ४ ओहम. ब्रिजला नेमके चालतात तेवढे. पूर्ण २०० वॉट मिळतील, प्रत्येकाला १००, आणि शंकूंचं क्षेत्रफळ दुप्पट झाल्याने तेवढ्याच वॉटमध्ये आवाज आणखी वाढेल. मात्र डिक्की गेली. घरच्यांची परवानगी घेऊन ठेवा. चारही कॉइल पॅरलल केल्या तर १ ओहम होईल, तो प्रकार या अ‍ॅम्पवर अजिबात नको.

एक नागपुरी सूचना. सिरीज करूनही दिवा लागला तर केव्हा लागतो ते पाहा. पहिल्याच ठोक्याला लागला तर कुठेतरी जोडणी चुकलीय किंवा शॉर्ट आहे. अर्ध्या तासाने लागला तर उष्णता. मेमध्ये ४५ अंशांत सीताबर्डीला उघड्यावर गाडी लावली आणि अ‍ॅम्प गालिचाखाली दाबून ठेवला, तर तो बिचारा काय करेल बाप्पा! मागच्या सीटच्या पाठीला फळी मारून, मागे हवेला जागा सोडून बसवा. सबच्या बॉक्सवर नको, थरथरीने स्क्रू ढिले होतात.

प्रश्न : सीटखाली बसणारा अ‍ॅक्टिव्ह सब घेतला आहे. त्याचे ओहम जुळवायला कोणता अ‍ॅम्प घेऊ?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : कोणताच नाही. अ‍ॅम्प त्याच्या पोटातच असतो आणि आतल्या कॉइलला जुळवलेला असतो. बॅटरीवरून फ्यूजसह वायर, अर्थ, रिमोट (सब चालू-बंद करणारी वायर) आणि स्टीरिओतून आरसीए (सिग्नलची वायर) एवढंच द्या. आरसीए नसेल तर बहुतेक अशा सबांना हाय लेव्हल इनपुट असतं, त्यात दारातल्या स्पीकरची वायर घ्या. दुसऱ्या अ‍ॅम्पचं स्पीकर आउटपुट त्याच्या आरसीएत कधीच देऊ नका, आतलं सर्किट जाऊ शकतं.