कोल्हापुरी चपलेच्या चामड्याची कातरण गोधडीवर कोणत्या गमने चिकटवावी?

भिंतीवर लावायच्या गोधडीत जुनं लुगडं, जीन्स आणि इचलकरंजीचं कोरं कापड घेतलंय, त्यावर चपलेचं चामडं बसवायचंय, तर गम कोणता घ्यावा, असं तुम्ही विचारलंय. गम घेऊच नका. चपलेला लावतात ते सोल्यूशन सुती कापडातून पलीकडे झिरपतं, पुढं पिवळं पडतं आणि तेवढी जागा पुठ्ठ्यासारखी ताठ होते. चामडं शिवायचंच.

पण गमाच्या आधी ते कोरं कापड धुतलंय का ते सांगा. आमच्या घरात याच गोष्टीवरून वाद झाला होता. चार बाय पाच फुटांच्या वाकळेत साठ-साठ सेंटिमीटरच्या कोऱ्या पट्ट्या न धुता घातल्या, कारण जाऊबाईंचं म्हणणं, "धुतलं की कापडाचा ताठपणा जातो, शिवायला अवघड." शिवून झाल्यावर आखणीच्या रेघा घालवायला वाकळ भिजवली. वाळल्यावर पट्ट्या छप्पन्न-सत्तावन्नवर आल्या. शेजारचं लुगडं वीस वर्षं धुतलेलं, ते सूतभरही हललं नाही आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये त्याचे फुगे आले. दोष माझ्या सैल टाक्यांना दिला गेला. टाके सैल नव्हते. मागावर ताणून विणलेलं कापड पहिल्या पाण्यात आकसतं, आणि तो ताठपणा म्हणजे नुसती खळ. ती ठेवली तर कसर लागते ते वेगळंच. असा फुगा इस्त्रीनं बसत नाही, उसवावंच लागतं.

म्हणून कोऱ्या कापडावर पन्नास सेंटिमीटरचा चौकोन आखा, उकळत्या पाण्यात तासभर ठेवा, वाळवा, मोजा. दुसऱ्या धुण्यात माप तेच आलं की कापड तयार. जीन्स रंग सोडते का तेही याच वेळी बघा. ताणणारी जीन्स तर घेऊच नका, ती टांगल्यावर लोंबते. जाड तुकडे खाली, लुगडं वर, नाहीतर वजनानं लुगडं विरतं.

आता चामडं. कोल्हापुरात सुभाषनगरात, चपला करणाऱ्यांकडे, कातरण मिळेल, पण तळाची जाड घेऊ नका, कानाची आणि पट्ट्याची पातळ घ्या. कडा रापीनं, म्हणजे चामडं छिलायच्या सुरीनं, छिलून मिलिमीटरभर करा. कडेपासून तीन मिलिमीटर आत, सहा-सात मिलिमीटरवर आरीनं, म्हणजे चामड्याच्या टोच्यानं, भोकं आधीच पाडा. चामड्यातलं भोक बुजत नाही. टाके दाट घातलेत तर तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. मागं जीन्सचा दुहेरी तुकडा हवा, टाक्यांचा ताण त्यानं घ्यायचा. एकट्या लुगड्यावर चामडं शिवलं तर पहिल्या पावसाळ्यात लुगडं फाटतं.

कोल्हापुरी चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. दमट हवेत तो रस पांढऱ्या कापडात उतरतो आणि तपकिरी कडं उमटतं. ओला पांढरा फडका चामड्यावर रात्रभर वजनाखाली ठेवा. डाग आला तर खाली गडद कापडच घाला. शिवताना लोखंडी टाचण्या अजिबात नकोत. लोखंड आणि हा रस ओलीत एकत्र आले की काळा डाग पडतो, आणि तो निघत नाही. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलच्या वापरा.

टांगायला मागं वरच्या कडेला चार इंची नेफा शिवून त्यात लाकडी पट्टी घाला, म्हणजे वजन सगळ्या रुंदीवर विभागतं. कोपऱ्यांत खिळे मारले की मधे झोळ येतो.

हे सगळं भिंतीवरच्या कामाला. पांघरायची असेल तर चामडं घालूच नका, ती धुता येणार नाही. क्रोमनं, म्हणजे सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारानं, कमावलेलं चामडं हिरड्याचा रस सोडत नाही, पण फडक्याची परीक्षा त्याचीही घ्या, रंग उतरू शकतो. आणि जाऊबाईंचं एक खरं होतं, धुतलेलं कापड दाभणाखाली घसरतं. त्यासाठी मधून कडेकडे, वीतभर अंतरानं कच्चा धावदोरा घालून घ्या, मग शिवा.