नाडी बघायला हात धरतील तेव्हा

फोंडा, नागपंचमी

प्रिय बाय,

तुझा निरोप परवा रात्रीच वाचला. उत्तराला दोन दिवस लागले, कारण तू विचारलंस ते दोन ओळींत सांगता येण्यासारखं नव्हतं. 'सिस्टर, वजन उतरवायच्या गॅस्ट्रिक बायपास ऑपरेशननंतर चार महिन्यांत बावीस किलो उतरले, जखमा भरल्या, आता मी बरी आहे. मग जन्मभर हातात ऑपरेशनची माहिती कोरलेली पट्टी घालून का फिरायचं? आई म्हणते, बघायला येणारी माणसं आधी तेच विचारतील.'

आज पंचमीच्या पातोळ्या केल्या. हळदीच्या पानाचा वास अजून बोटांना आहे. मी अर्धी खाल्ली, तीही जेवणानंतर, सावकाश. माझ्याही बायपासपासून नऊ वर्षं असंच चाललंय आणि मला त्याचं काही वाटत नाही. पण ही अर्धी पातोळी का, हे माझ्या घरातल्यांना माहीत आहे. रस्त्यावरच्या माणसाला ते कुठून कळणार?

मी कॅज्युअल्टीत सत्तावीस वर्षं काढली. त्यातली कितीतरी वर्षं राईल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात जाणारी एनजी ट्यूब, घालण्यात गेली. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या टोकाखालपर्यंत नळी धरून माप घ्यायचं, खूण करायची, जेली लावायची आणि गिळ म्हणत आत सरकवायची. मग सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायचा. आत काय आहे ते दिसत नाही, हाताच्या अंदाजाने चालतं. आणि तो अंदाज पूर्ण आकाराच्या जठराचा असतो. तुझ्या आत आता तसं जठर अन्नाच्या वाटेवर नाही. वर साधारण तीस मिलिलीटरची छोटी पिशवी आहे आणि तिला थेट लहान आतडं जोडलंय. माझ्यासारखी अनुभवी सिस्टर नेहमीच्या मापाने नळी ढकलेल आणि टोक जाऊन भिडेल त्या जोडावर, नाहीतर आतड्याच्या पातळ भिंतीवर. तिथे भोक पडू शकतं. नळी घालायचीच झाली तर बघत घालावी लागते, दुर्बिणीतून किंवा एक्स-रेच्या पडद्यावर.

आता तू तुझं पोट आरशात बघ. पाच बारीक खुणा, त्याही वर्षभरात फिकट होतील. आज तू अंगाने भरलेली आहेस म्हणून एखादा डॉक्टर विचारेल तरी. दीड वर्षाने स्ट्रेचरवर जी मुलगी येईल ती बारीक, तरुण, धडधाकट दिसणारी असेल. हिचं बायपास झालंय हे कोणाच्या मनात कशाला येईल? ऑपरेशन जितकं चांगलं झालं तितकं ते बाहेरून दिसेनासं होतं, आणि मला काळजी वाटते ती याचीच.

माझं मी तुला कधी सांगितलं नाही, ते आज सांगते. ऑपरेशनला तीन वर्षं झाली होती. जुलैचा पाऊस होता. भोमजवळ स्कूटर घसरली, उजवं मनगट मोडलं, डोक्याला मार लागला. मला एका हॉस्पिटलात नेलं. मी गुंगीत होते. डॉक्टरने यजमानांना विचारलं, पूर्वी काही ऑपरेशन? ते म्हणाले, 'पोटाचं झालंय, लॅप्रोस्कोपी.' डॉक्टर पित्ताशय समजला असावा. दोघांपैकी कोणी खोटं बोललं नाही. मला डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं, प्लास्टर केलं आणि दहा दिवसांच्या त्याच गोळ्या लिहून दिल्या. यजमानांनी त्या घड्याळ लावून, पाण्याचा पेला हातात देऊन, मला दिल्या. पहिले काही दिवस मी गोळ्यांची पट्टी हातात घेऊन बघण्याच्या स्थितीतच नव्हते आणि पुढे, ते देतायत म्हणजे विचारूनच असेल असं धरून चालले. आठव्या दिवशी संडासला डांबरासारखं काळं झालं आणि उठताना चक्कर आली. जोडाजवळ अल्सर झाला होता, त्यातून रक्त जात होतं. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. यजमान आजही कुठलीही गोळी द्यायच्या आधी तिचं नाव मोठ्याने वाचतात. त्यांची चूक नव्हती, हे त्यांना पटायला फार वेळ लागला.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन हा सगळा एकाच जातीचा गोतावळा, डॉक्टर त्याला एनएसएआयडी म्हणतात. आपल्याकडे दुखण्यावर पहिली सुई याच जातीची टोचली जाते, गावच्या दवाखान्यातसुद्धा. आपल्याला साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं. एवढं एक वाक्य त्या दिवशी माझ्या हातावर असतं तर पुढचं टळलं असतं.

साखरेचंही ऐक, कारण ते आपल्या गोव्यात जास्त घातक आहे. बायपासनंतर साधारण वर्षभराने काहींना जेवणानंतर एक ते तीन तासांनी साखर एकदम खाली येते. गोड किंवा नुसतं शीत (भात) जास्त झालं की आतड्यात ते झपाट्याने उतरतं, इन्सुलिन भरमसाट सुटतं आणि मग रक्तातली साखर कोसळते. घाम, थरथर, जीभ जड, पाय अडखळतात, बोलणं तुटक होतं. आता असा विचार कर की हे तुला कळंगुटच्या रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता झालं, किंवा कार्निव्हलच्या गर्दीत, किंवा एप्रिलमध्ये उर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, दिवसांत. बघणारा काय म्हणेल? प्यालीय. लोक बाजूला होतील, कोणी चित्रीकरण करील, आणि चांगल्या मनाचा कोणी बाकावर झोपवून जाईल. मी कॅज्युअल्टीत दारूचा वास न येणारे 'दारुडे' पाहिलेत. ग्लुकोमीटर लावला की मीटरवर चाळीस. पट्टी असेल तर जो हात धरेल तो वाचेल, आणि निदान १०८ ला फोन करताना ते शब्द सांगेल.

(दारूचंही यातच सांगते. बायपासनंतर ती पटकन चढते आणि जास्त चढते. लग्नात कोणी फेणीचा थेंब पुढे केला तर पूर्वीचा अंदाज धरू नकोस.)

दुसरं, पोटात कळ आली तर. वजन उतरतं तशी आतड्याच्या पडद्यातली चरबीही झिजते, ऑपरेशनच्या वेळच्या फटी रुंदावतात आणि एखाद्या दिवशी आतडं त्यात सरकून पीळ पडतो. हे पाच वर्षांनीही होतं. कळ येते, जाते, पुन्हा येते. साधा एक्स-रे कधी स्वच्छ येतो, सीटी स्कॅनही कधी फसवतो. घरात कोकमाचं आगळ देतील, दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन देतील, आणि आतडं तिकडे काळं पडत राहील. हातावर 'गॅस्ट्रिक बायपास' वाचलं की शहाणा डॉक्टर सर्जनला बोलावतो. आणि फार दिवस उलट्या झाल्या तर नुसती ग्लुकोजची बाटली लावून घ्यायची नाही. आधी थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व. ते अंगातून संपलेलं असताना ग्लुकोज चढवलं तर मेंदूवर येतं: डोळे फिरतात, चाल जाते, स्मरण जातं. हे पट्टीवर मावणार नाही, म्हणून पाकिटात कार्ड ठेवायचं.

ही पट्टीची कल्पना कुठून आली ते ऐकून ठेव. कॅलिफोर्नियातल्या टरलॉक गावी १९५३ साली एका डॉक्टरच्या मुलीला धनुर्वाताच्या प्रतिविषाची (अँटिटॉक्सिनची) चाचणी करताना भयंकर ॲलर्जी आली, जेमतेम वाचली. आईबापांनी तिच्यासाठी चांदीचं ब्रेसलेट कोरून घेतलं आणि १९५६ मध्ये त्यातूनच मेडिकअलर्ट ही संस्था उभी राहिली. पोरगी घराबाहेर जाणार आणि आपण प्रत्येक वेळी सोबत नसणार, एवढीच त्या आईबापांची धास्ती होती. तुझ्या आईलाही ती असेलच, फक्त तिच्यापुढे आज लग्नाची काळजी मोठी आहे.

तर आता पट्टीबद्दल. गळ्यातल्या साखळीत घालू नकोस. कॅज्युअल्टीत गळ्यातलं सगळ्यात आधी उतरवून रुमालात बांधून नातेवाइकांच्या हातात देतात, हे मी स्वतः हजारदा केलंय. मनगट वेगळं. नाडी बघायला, सलाईनची शीर शोधायला पहिला हात तिथेच पडतो. पण नुसता कडा घालू नकोस, आपल्याकडे कडे, दोरे सगळेच घालतात, कोणी उलटून बघत नाही. काठीभोवती सापाची डॉक्टरी खूण लाल रंगात मोठी हवी. चांदीचा हट्ट असेल तर सोड, आपल्या खाऱ्या हवेत ती काळी पडते आणि अक्षरं दिसेनाशी होतात. स्टीलची घे. नावाच्या पाट्या, ट्रॉफ्या कोरणाऱ्या दुकानात लेझरने कोरून देतात.

आणि आजच घट्ट माप देऊन करून आणू नकोस. मनगटही बारीक होतं. माझ्या बांगड्या ऑपरेशननंतर सहा महिन्यांत हातातून आपोआप गळायला लागल्या. कड्या काढता येतील अशी घे.

मजकूर इंग्रजीतच कोर, बांबोळीच्या किंवा मडगावच्या हॉस्पिटलात कुठल्या गावचा डॉक्टर ड्युटीवर असेल सांगता येत नाही. तुझं नाव, मग 'गॅस्ट्रिक बायपास' आणि साल, मग 'नो ब्लाइंड एनजी ट्यूब', 'नो एनएसएआयडी' आणि एक फोन नंबर. नुसतं 'बॅरिॲट्रिक सर्जरी' लिहू नकोस. तुझ्या त्या मैत्रिणीची स्लीव्ह आहे, तिचं जठर कापून नळीसारखं केलंय, तुझ्यासारखा बायपासचा जोड तिच्यात नाही. डॉक्टरला नेमकं काय झालंय ते कळलं पाहिजे. रक्तगट लिहून जागा अडवू नकोस. हातावर वाचून कोणी रक्त चढवत नाही, तो तपासूनच चढवतात. फोनच्या लॉक स्क्रीनवरही माहिती भरून ठेव, पण त्याच्यावर विसंबू नकोस. अपघातात फोन पहिला उडतो. एमआरआयला मात्र पट्टी काढायची. आतले स्टेपल्स टायटॅनियमचे, त्यांची भीती नाही.

राहिला तुझ्या आईचा प्रश्न. मी तिची बाजू समजते. जाड होतीस तेव्हा तुला लोकांनी काय काय ऐकवलं ते तिने ऐकलंय, आता ती पाटी पुसायला बघते. नाव-गाव दिसायला नको असेल तर अक्षरं मनगटाच्या आतल्या बाजूला येतील अशी पट्टी घाल, खूण तेवढी वर. लोकांना ती घड्याळाच्या पट्ट्यासारखी वाटेल. पण ज्या मुलाशी लग्न ठरेल त्याला सांगितलंच पाहिजे, हे माझं स्पष्ट मत. ऑपरेशननंतर वर्ष ते दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत असं सांगतात, ते तुला एकटीला कसं पाळता येईल? पुढे दिवस राहिले की आपल्याकडे प्रत्येकीला ग्लुकोजचं पाणी पाजून साखर तपासतात. ते पंचाहत्तर ग्रॅम तुला भोवळ आणेल, आणि तेव्हा सोबत सासू बसलेली असेल. तिला आधीपासून माहीत असलेलं बरं. ज्या घरात हे सांगायची भीती वाटते तिथे तुझं पोट दुखेल तेव्हा कोण धावेल, याचा विचार आईबरोबर बसून कर. तिला हे पत्र वाचून दाखवलंस तरी चालेल.

चवथ झाल्यावर दुसऱ्या रविवारी ये. येताना डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स आण, ऑपरेशनचं नाव त्यावरूनच उतरवून घेऊ, तोंडी नको. मनगटाभोवती दोरा गुंडाळून माप आण. आणि बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन या महिन्यात घ्यायचं आहे, ते चवथीच्या गडबडीत विसरू नकोस. नेवऱ्या करशील त्यातली एक माझ्यासाठी ठेव, अर्धी अर्धी खाऊ.

तुझी
सिस्टर