वाचकांचे प्रश्न : पान निळं का होत नाही?

प्रश्न : दहावीच्या वर्गात जास्वंदीच्या पानावर स्टार्चची परीक्षा घेतली. पान उकळलं, स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग काढला, तरी आयोडीन टाकल्यावर ते तपकिरीच राहिलं. आयोडीन जुनं झालं असेल का? (शिक्षिका, रामबाग, इंदूर)

उत्तर : आयोडीनची शंका फेडायला उकडून थंड केलेल्या बटाट्याच्या फोडीवर एक थेंब टाका. फोड काळी-निळी झाली तर आयोडीन चांगलं आहे. मग विचारायचं ते एवढंच, की पान किती वाजता तोडलं? सकाळच्या पाळीत, साडेसातच्या तासाला प्रयोग असेल तर इथेच घोळ आहे. दिवसा साठवलेला स्टार्च झाड रात्रभर खर्च करत असतं, त्यामुळे पहाटे पान बरंचसं रिकामं असतं. तुमचं पान खरंच सांगत होतं, तपकिरी म्हणजे स्टार्च नाही.

सकाळचाच तास मिळत असेल तर आदल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला उन्हातलं पान तोडा आणि लगेच मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवा. पेशी मरतात, विकरांचं (एन्झाइमांचं) काम थांबतं आणि असलेला स्टार्च तसाच राहतो. मग पान झाकणाच्या बरणीत स्पिरिटमध्ये रात्रभर ठेवा, हरितद्रव्य बरंचसं आपोआप उतरतं. घाई असेल तर स्पिरिटची परीक्षानळी गरम पाण्याच्या बीकरमध्ये उभी करा, पण त्याआधी बर्नर विझवा. स्पिरिटची वाफ ज्योतीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

स्पिरिटमधून काढलेलं पान कडक, ठिसूळ असतं. ते कोमट पाण्यात मऊ करून पांढऱ्या बशीत पसरा आणि थंड झाल्यावरच आयोडीन घाला. गरम पानावर निळा रंग धरत नाही, बरेच जण इथे फसतात. आयोडीन घरी करायचं तर 100 मिली पाण्यात आधी 2 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड विरघळवा, मग त्यात 1 ग्रॅम आयोडीन घाला. उलट क्रमाने केलंत तर आयोडीन तळाशी बसून राहील. वापरताना फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करा. गडद आयोडीनने तपकिरी पानही काळपट दिसतं आणि मुलं खुशाल ‘स्टार्च आहे’ लिहितात.

उजेडाशिवाय स्टार्च बनत नाही हे दाखवणारा काळ्या कागदाच्या पट्टीचा प्रयोग करायचा असेल तर कुंडी आधी दोन दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवा, मग पानाला दोन्ही बाजूंनी पट्टी लावून पाच-सहा तास ऊन द्या. आषाढ-श्रावणातल्या झाकोळलेल्या आठवड्यात याच्या नादी लागू नका. कांदा-लसणाची पातही घेऊ नका, तिच्यात स्टार्चऐवजी साखर साठते.

प्रश्न : प्रकाशसंश्लेषणाचा वेग बघायला हायड्रिला या पाणवनस्पतीचे बुडबुडे मोजायचे होते, पण निघालेच नाहीत. पाणी तर अगदी शुद्ध, आर.ओ.चं वापरलं होतं. (शिक्षक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : शुद्ध पाण्यानेच घात केला. आर.ओ.च्या किंवा उकळून निववलेल्या पाण्यात वनस्पतीला पुरेल इतका कार्बन मिळत नाही. अर्ध्या लिटर पाण्यात 1 ग्रॅम खाण्याचा सोडा घाला. बोरिंगच्या जड पाण्यात बायकार्बोनेट मुळातच असतं, त्यामुळे तेही चालतं. ताज्या हिरव्या फांदीचा देठ पाण्याखालीच तिरपा कापा, कापलेलं टोक वर ठेवा आणि पाच मिनिटं थांबून मग मोजायला लागा. दिवा 10, 20, 30 सेंटिमीटरवर सरकवा. साधा बल्ब पाणी तापवतो, मग बदल उजेडाने झाला की उष्णतेने, हे कळत नाही. म्हणून एल.ई.डी. घ्या.

ऑक्सिजन ओळखण्याच्या विझू आलेल्या काडीच्या परीक्षेवर फार भिस्त ठेवू नका. त्या बुडबुड्यांत पाण्यात विरघळलेला नायट्रोजनही मिसळलेला असतो. काडी भडकायला हवी तर फनेलवर परीक्षानळी उपडी ठेवून दिवस-दोन दिवस उन्हात वायू साठवावा लागतो.

प्रश्न : ‘झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन’ हे डोक्यातून काढायचं कसं? (शिक्षिका, स्नेहलतागंज, इंदूर)

उत्तर : मोड आलेल्या मुगाने. दोन थर्मास घ्या. एकात रात्रभर भिजवून मोड आणलेले मूग घाला. दुसऱ्यात तेवढेच मूग, पण उकळून, थंड करून, जंतुनाशकाने धुतलेले. हे धुणं टाळलंत तर मेलेल्या मुगावर जिवाणू वाढतात, त्यांच्या श्वसनाने तोही थर्मास तापतो आणि तुलना वाया जाते. तोंडाला कापसाचा बोळा लावून त्यातून थर्मामीटर आत सोडा. बूच घट्ट लावू नका, हवा लागते. दोन दिवस सकाळ-दुपार तापमान लिहा. जिवंत मुगाचा थर्मास भर दिवसाही गरम भरतो, आणि मुगाला तर अजून पानच नाही! हिरव्या पानाचं श्वसनही दिवसा चालूच असतं, फक्त प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असल्याने ते झाकलं जातं.

प्रश्न : श्वसनात एका ग्लुकोजपासून 38 ए.टी.पी. (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात की 32? (अकरावीचा विद्यार्थी, इंदूर)

उत्तर : 10 एन.ए.डी.एच., 2 एफ.ए.डी.एच.2 (दोन्ही इलेक्ट्रॉन वाहून नेणारे रेणू) आणि थेट मिळणारे 4 ए.टी.पी., हा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे. जुन्या पद्धतीत एका एन.ए.डी.एच.मागे 3 आणि एका एफ.ए.डी.एच.2मागे 2 ए.टी.पी. असा दर धरत, म्हणून 30 + 4 + 4 = 38. मोजमापांतून दर सुमारे 2.5 आणि 1.5 निघाले, म्हणून 25 + 3 + 4 = 32. ग्लायकोलायसिसमधले (ग्लुकोज फुटण्याच्या पहिल्या टप्प्यातले) इलेक्ट्रॉन तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) कोणत्या वाटेने शिरतात यावरून हा आकडा 30ही होतो. परीक्षेत पाठ्यपुस्तकातला आकडा लिहा, आणि तो कुठल्या दराने आला ते एका ओळीत दाखवा.

प्रश्न : मानवी प्रजननाचा पाठ आला की मुलं हसतात, मुली खाली बघतात. मुलामुलींना वेगळं बसवावं का? (शिक्षक, लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : नको. वेगळं बसवलं की यात लपवण्यासारखं काही आहे, हेच मुलं आधी शिकतात. आधी जास्वंदीचं फूल उभं चिरून स्त्रीकेसर, पुंकेसर, अंडाशय दाखवा, मग त्याच शांत आवाजात माणसाकडे या. पहिल्याच तासाला सगळ्यांना सारख्या चिठ्ठ्या द्या. प्रत्येकाने काहीतरी लिहायचं, प्रश्न नसेल तर ‘प्रश्न नाही’. मग कोण लिहितंय हे कुणाला दिसत नाही. चिठ्ठ्या घरी वाचा, उत्तरं दुसऱ्या दिवशी द्या.

आकृतीत काही चुका हमखास येतात. फलन गर्भाशयात दाखवतात, ते होतं अंडवाहिनीत. स्त्रीचा मूत्रमार्ग आणि योनिमार्ग एकच काढतात, ते वेगळे असतात. आईचं रक्त बाळाच्या शरीरात वाहतं असं समजतात. प्रत्यक्षात वारेत (प्लॅसेंटात) दोन्ही रक्तं पडद्याआड राहतात आणि देवाणघेवाण त्या पडद्यातून होते. ‘चौदाव्या दिवशी अंडं सुटतं’ हे फक्त 28 दिवसांच्या चक्राला लागू आहे. अंडमोचन पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी होतं, म्हणजे 35 दिवसांच्या चक्रात एकविसाव्या दिवसाच्या आसपास. मुलगा की मुलगी हे शुक्राणूतल्या एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरतं, हे फळ्यावर नीट मांडा. घरोघरी सुनेला अजून बोल लावले जातातच.

एखाद्या चिठ्ठीत मुलाला त्रास होत असल्याचा सूर दिसला तर ती वर्गात वाचू नका. अक्षरावरून मूल शोधायला वर्गासमोर चौकशीही करू नका. सगळ्या वर्गाला 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर द्या आणि तास संपल्यावर तुम्ही कुठे भेटाल ते सांगा. मूल येऊन बोललं आणि प्रकरण लैंगिक अत्याचाराचं असेल, तर 2012च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेच्या पातळीवर ते मिटवता येत नाही.