अंगणात पाण्याचे फुगे फेकणारं छोटं ट्रेबुशे (वजन खाली पडलं की दांड्याच्या दुसऱ्या टोकाची गोफण फिरवणारं यंत्र) बनवायचंय. वजन किती बांधू?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: वजन किती, लाकूड कुठलं आणि एका वेळी तीन-चार फुगे उडतील का. पण मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळे. "मित्र म्हणतो, ५० किलो बांध, बाकी काही बघायची गरज नाही." हेच वाक्य मी माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून चौदा वर्षं ऐकतोय. ते साफ चूक आहे.

दादाचा हात लाकूडकामात आणि वेल्डिंगमध्ये बसलेला. मुलांसाठी फुगे फेकणारं यंत्र करू असं ठरलं तेव्हा चौकट त्याने केली आणि ती खरोखर देखणी झाली. दोन्ही बाजूंना तिरके टेकू, मध्ये लोखंडी आस, आसेला ग्रीस. माझ्याकडे गोफण आली, म्हणजे झोळी, दोन दोऱ्या, कडी आणि दांड्याच्या टोकाचा खिळा. "ते दोरीचं काम तू बघ," असं तो म्हणाला. ते 'दोरीचं काम' मला अजून टोचतं. ट्रेबुशे म्हणजे तरफेला बांधलेली गोफणच असते. गोफण काढून घ्या, मागे एक आडमुठी तरफ उरते.

दादाने लोखंडी चकत्या दांड्याच्या आखूड टोकाला बोल्टने घट्ट आवळल्या. २० किलो. पहिला फुगा झोळीतच फुटला. दादा म्हणाला, "वजन कमी पडतंय." ३० किलो केलं. फुगा सरळ वर गेला आणि आमच्या मागे येऊन पडला. "अजून लाव." ४० किलोला दांडा खाली आला, चौकट जागची उडाली आणि डावा खांब आसेच्या भोकापासून खालपर्यंत चिरला. फुगा कुठे गेला ते कोणी पाहिलंच नाही, सगळे त्या चिरेकडे बघत होतो.

खांबाला पट्टी मारून दादा आत गेला. मी बाहेर थांबलो. चकत्या काढल्या, एका बादलीत १२ किलो वाळू भरली आणि बादली दांड्याच्या टोकाला कडीने टांगली. नुसती टांगली, आवळली नाही. फरक इथेच पडतो. घट्ट आवळलेलं वजन दांड्याबरोबर गोल फिरतं, फुगा सुटून गेल्यावरही त्याच्यात वेग शिल्लक असतो आणि तो वेग चौकटीला हादरवतो. टांगलेलं वजन जवळजवळ सरळ खाली पडतं. सगळं जुळलं असेल तर फुगा सुटायच्या क्षणी दांडा उभा आणि बादली जवळपास थांबलेली दिसते, म्हणजे तिची ताकद फुग्यात उतरली. तेराव्या शतकातल्या व्हिलार द ऑन्कूरच्या चित्रवहीत या यंत्राचं जे वर्णन आहे, त्यातही वजन म्हणून मातीने भरलेली पेटी आहे. माती, वाळू, काहीही चालतं. वजन कशाचं आहे याला महत्त्व नाही, ते कसं पडतं याला आहे.

मग झोळी. आधीची जाड, खरखरीत कापडाची होती आणि फुगा तिच्यात घासून फुटायचा. मी मोडक्या छत्रीचं गुळगुळीत कापड कापलं, तळहाताहून थोडं मोठं, आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली. झोळी आणि तिच्याखालची फळी दोन्ही ओली केली. फुगा १५ मीटर प्रतिसेकंद वेगाने मीटरभर दोरीवर फिरतो तेव्हा पाव किलोचा फुगा पाच-सहा किलोसारखा दोरी ओढतो. तो सगळा दाब त्या कापडावर येतो. सुरकुती किंवा गाठ लागली की संपलं.

आणि खिळा. एक दोरी दांड्याला पक्की बांधलेली असते, दुसऱ्या दोरीची कडी टोकाच्या खिळ्यावर नुसती अडकवलेली असते. गोफण ठराविक कोनात आली की कडी घसरते आणि फुगा सुटतो. तो क्षण खिळ्याच्या वाकावर ठरतो. फुगा सरळ वर किंवा मागे जात असेल तर कडी लवकर सुटतेय, खिळा पुढे थोडा जास्त वाकवा. समोरच्या जमिनीवर आपटत असेल तर उशिरा सुटतेय, खिळा थोडा सरळ करा. थोडा म्हणजे पकडीने एक हलका दाब, डोळ्याला जेमतेम दिसेल इतकाच. खिळा पॉलिश पेपरने घासून त्यावर मेण लावा, नाहीतर कडी एकदा लवकर आणि एकदा उशिरा सुटेल आणि तुम्ही उगाच वजनाला दोष द्याल.

मी वही घेऊन बसलो. फेक, खिळा किती वाकवला, टेपने मोजलेलं अंतर. पहिले सहा फुगे वर गेले. सातवा ९ मीटर. अकरावा १४. तेविसावा १८ मीटरवर पानांच्या एका ढिगाऱ्यात फुटला आणि पानं उडाली. वजन तेच होतं, १२ किलो. बदलला होता तो फक्त खिळा.

दादा बाहेर आला, पाहिलं आणि म्हणाला, "बघ, चौकट भक्कम असली की कसं होतं." त्यानंतर घरात कोणीही आलं की ४० किलोची गोष्ट सांगितली जाते. १८ मीटरची फेक ४० किलोवर झाली, असंच सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. वही मी दोनदा दाखवली. कोणी उघडली नाही.

आता तुमचे आकडे. दांडा दीड मीटर, आस एका टोकापासून ३० सेंटीमीटरवर, म्हणजे लांब हात आखूड हाताच्या चौपट. आस जमिनीपासून ८५-९० सेंटीमीटर. गोफण लांब हाताएवढी किंवा किंचित कमी. लांब हात ४५ अंश खाली ओढला की वजन साधारण अर्धा मीटर पडतं. वजनाला फुग्याच्या वजनाने भागा, पडण्याच्या उंचीने गुणा, दुप्पट करा: ही आदर्श फेक झाली. पाव किलोचा फुगा आणि १० किलो वजन धरलं तर ४० मीटर. प्रत्यक्षात त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत मिळते, म्हणजे १३ ते २० मीटर. अंगणाला याहून जास्त काय हवं? ५० किलोला हाच हिशोब २०० मीटर येतो. निम्मी ताकद वाया गेली तरी फुगा अंगणात राहणार नाही. फेकायच्या वस्तूच्या शंभरपट वजन, हे गुणोत्तर मोठ्या यंत्रांबद्दल वाचायला मिळतं, ते दगडासाठी ठीक आहे. दगड झोळीत फुटत नाही.

लाकूड कुठलंही घ्या, पण दांड्याचं गाठ नसलेलं आणि सरळ रेषांचं हवं, आणि हलकं. दीड किलोचा दांडासुद्धा उचलताना १० किलोच्या वजनाची जवळजवळ चौथाई ताकद खातो. टोकाकडे रंधा मारून निमुळता करा. फुगा टेनिसच्या चेंडूपेक्षा जरासा मोठा, तट्ट भरलेला नको आणि लिबलिबीतही नको. प्रत्येक फुगा वजनकाट्यावर ठेवून बघा. फुगा दर वेळी वेगळा असेल तर खिळा जुळवण्यात अर्थ नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: हे मुळात वेढ्याचं हत्यार आहे. १३०१ साली रणथंभोरच्या वेढ्यात अलाउद्दीन खिलजीचा सेनापती नुसरत खान किल्ल्यावरून असल्याच यंत्राने फेकलेल्या दगडाने मेला. पाण्याच्या फुग्यानेही डोळा जाऊ शकतो, म्हणून माणसावर नेम धरायचा नाही. ताणलेल्या दांड्याच्या समोर आणि मागे, दोन्हीकडे कोणी उभं राहायचं नाही. मागे फुगा येतो हे मी पाहिलंय. खटका लांब दोरीने, बाजूला उभं राहून ओढा. दांड्याला अडकवण्याची एक जादा पिन ठेवा आणि सगळे बाजूला झाल्यावरच ती काढा.

तीन-चार फुगे एकदम? एका झोळीत ते एकमेकांवर दाबून फुटतात. दोन छोटे जमतात, पण नेम जातो.

मित्राला मात्र सोडू नका. त्याच्यासमोर आधी १० किलो टांगून खिळा जुळवा, पाच फेकी मोजा. मग खिळ्याला हात न लावता वजन १५ करा आणि पुन्हा पाच मोजा. वजनाबरोबर सुटण्याचा क्षणही सरकतो, ते त्याला दिसेल. त्यानंतर खिळा नव्याने जुळवून आणखी पाच. आकडे त्याच्याच हाताने लिहून घ्या. दादाने मला ही चाचणी कधी करू दिली नाही, त्यामुळे तुमचे पंधराही आकडे इथे खाली लिहा. मला ते त्याला दाखवायचे आहेत.