पिकअपच्या किटवर पांढरट पडदा का येतो, आणि खाणीची लाल धूळ कशी दाखवायची?

गोव्यातल्या फोंड्यात जुलैमध्ये लॅकर (झपाट्याने सुकणारा, थिनरवर चालणारा रंग) मारलात तर १/२४ स्केलच्या, म्हणजे खऱ्या गाडीपेक्षा २४ पट लहान, पिकअप मॉडेलच्या निळ्या बॉडीवर पांढरट पडदा बहुधा येणारच. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतला ओलावा रंगावर जमतो. घासू नका. एखादी कोरडी दुपार गाठून एअरब्रशने (रंग फवारायच्या छोट्या पेनने) रिटार्डर थिनरचा, म्हणजे सावकाश उडणाऱ्या थिनरचा, हलका हात द्या, बहुतेक वेळा पडदा निघतो. चासीला मात्र ब्रशने पाण्यातला ॲक्रिलिक लावा, पावसाची कटकटच नको.

आता धूळ. कुडचडे-सावर्ड्याच्या खाणपट्ट्यातली गाडी हवी म्हणून अंगणातली माती चाळून लावायचा मोह होतो, पण अर्ध्या मिलिमीटरचा कण या स्केलमध्ये १२ मिलिमीटरचा खडा दिसतो! त्यापेक्षा विटकरी सॉफ्ट पेस्टलची (खडूसारख्या रंगाची) कांडी सँडपेपरवर घासून पूड करा, किंचित पिवळी मिसळा आणि मऊ कोरड्या ब्रशने बसवा. सगळीकडे सारखी नको. चाकांच्या मागे, दाराच्या खालच्या कडेला आणि मागच्या फळीवर दाट, टपावर जेमतेम. समोरच्या काचेवर आधी मास्किंग टेपचे वायपरच्या आकाराचे कमानी तुकडे चिकटवा, धूळ बसवून झाली की ओढून काढा. माझ्या मते अख्ख्या मॉडेलमध्ये हीच जागा सगळ्यात भाव खाते.

हौद्याच्या तळाला गडद तपकिरी रंगाचे ओरखडे लांबीच्या दिशेनेच ओढा, कारण सामान मागून आत सरकवतात. शेवटी मॅट वार्निश लांबूनच मारा, जवळून मारलं तर धूळ फिकी पडते.