‘दुय्यम’ नटाच्या सहीसाठी एवढी रांग कशाला?

तुमचा प्रश्न असा आहे : “बायकोला पुढच्या वर्षी लास वेगासच्या स्टार ट्रेक कन्व्हेन्शनला (म्हणजे त्या अमेरिकन अवकाश-मालिकांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला) जायचंय आणि तिथे जेफ्री कोम्ब्स नावाच्या कुणा दुय्यम नटाची पैसे मोजून सही घ्यायचीय. ज्याचं नाव चार लोकांना माहीत नाही, त्याच्यासाठी लोक रांगा का लावतात? हे पैसे पाण्यात घालणं नाही का?”

नाही. वहिनींना जाऊ द्या, तुम्हीही जा. आता त्या ‘दुय्यम’ शब्दाबद्दल बोलतो, कारण तो मी आमच्या घरात चाळीस वर्षं ऐकलाय.

माझे बाबा सांगलीत जिल्हा परिषदेत कारकून होते. ऑफिस सुटलं की सायकल तशीच तालमीच्या खोलीवर. हौशी संस्था, राज्य नाट्य स्पर्धेला दरवर्षी नाटक. बाबांच्या वाट्याला काय, तर पोस्टमन, हवालदार, नायिकेचा मामा, कोर्टातला शिरस्तेदार. उभ्या आयुष्यात एकदाही नायक नाही. माझा दादा तेव्हापासून म्हणायचा, “बाबा म्हणजे दोन वाक्यांचे नट.” हे तो पाहुण्यांसमोर म्हणायचा आणि बाबा चहाचा कप उचलून आत जायचे.

आई गेल्यावर बाबा सहा महिने माझ्याकडे कॅलिफोर्नियाला येऊन राहिले. दिवसभर मी ऑफिसात, ते एकटे. रात्री जेवण झालं की आम्ही दोघं ‘डीप स्पेस नाईन’ ही स्टार ट्रेकमधली मालिका लावायचो. 1993 ते 1999, सात सीझन, 176 भाग. रोज एक, शनिवार-रविवार दोन. खाली इंग्रजी अक्षरं लावून ठेवायचो, कारण बाबांना इंग्रजी वाचायला सोपं, ऐकायला अवघड. अवकाशयान कुठे चाललंय यात त्यांना काडीचा रस नव्हता. ते नट बघायचे.

त्यात वेयून नावाचं पात्र आहे. शत्रुपक्षाचा मुत्सद्दी, गोड बोलून गळा कापणारा. तो येतो त्या पहिल्याच भागात मारला जातो. पण कोम्ब्स यांचं काम इतकं आवडलं की लेखकांनी त्याची जमातच क्लोनची (एकाच्या हुबेहूब प्रतींची) ठरवली आणि त्याला परत आणलं. मग वेयून पाच, सहा, सात, आठ. एका भागात वेयून-सहा फितूर होऊन पळतो आणि वेयून-सात पडद्यावरून त्याचा पाठलाग चालवतो. दोघांचाही चेहरा तोच, कान तेच, केस तसेच. शेवटी वेयून-सहा स्वतःहून मरण पत्करतो आणि ज्याला तो देव मानतो त्या ओडोकडे आशीर्वाद मागतो. बाबांनी तो प्रसंग मला तीनदा मागे न्यायला लावला. म्हणाले, “बघ, हा मरणारा खांदे सोडून बसलाय. तो दुसरा अख्ख्या भागात खांदे सोडत नाही.” मी ती मालिका आधी दोनदा पाहिली होती. खांदे मला कधी दिसले नव्हते.

आणखी काही आठवड्यांनी ‘द डॉग्ज ऑफ वॉर’ हा शेवटून दुसरा भाग लागला. त्यात ब्रंट नावाचा फेरेंगी येतो. फेरेंगी म्हणजे डोक्यावर रबराचं आख्खं टोपरं, ताटलीएवढे कान, खोटं नाक, खोटे दात. माणसाचा स्वतःचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही. ब्रंट या आधीही सहा-सातदा येऊन गेला होता. मी मुद्दाम काही बोललो नव्हतो. त्या रात्री बाबा खुर्चीतून पुढे सरकले आणि म्हणाले, “हा तोच आहे.”

“कोण?”

“वेयून. आवाज बदललाय, तोंड बदललंय, पण वाक्य संपताना हा श्वास तिथेच घेतो. श्वासाला रंग लावता येत नाही रे.”

त्या एकाच भागात कोम्ब्स दोन्ही भूमिका करतात. अमेरिकेतल्या फॅन लोकांना हे पाठ असतं, त्यात नवल नाही. पण सांगलीच्या एका निवृत्त कारकुनाने, ज्याला नामावली वाचायचीही सवय नव्हती, ते श्वासावरून ओळखलं. मला त्या क्षणी बाबांचा जो अभिमान वाटला तो आजही शब्दात मांडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी वेगासच्या कन्व्हेन्शनची तिकिटं काढली.

आता हे जेफ्री कोम्ब्स कोण, ते थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही ‘कुणी’ म्हणालात. जन्म 1954, कॅलिफोर्नियातलं ऑक्सनार्ड. रीतसर रंगभूमीचं शिक्षण घेतलेला माणूस. 1985 च्या ‘री-ॲनिमेटर’ या भयपटातल्या हर्बर्ट वेस्टने नाव झालं. मेलेल्यांना हिरव्या औषधाची सुई टोचून उठवणारा तो विद्यार्थी. 1996 मध्ये पीटर जॅक्सन यांच्या ‘द फ्रायटनर्स’मध्ये डोकं फिरलेला एफबीआयचा माणूस. आणि स्टार ट्रेकची गंमत अशी की 1987 च्या मालिकेत रायकरच्या भूमिकेसाठी त्यांनी चाचणी दिली होती. ती भूमिका जोनाथन फ्रेक्स यांना मिळाली. पुढे 1994 मध्ये कोम्ब्स यांना स्टार ट्रेकमधलं पहिलं काम मिळालं, त्या भागाचे दिग्दर्शक हेच फ्रेक्स. नायक व्हायला गेलेला माणूस सात वर्षांनी मागच्या दाराने आत आला आणि मग ब्रंट, वेयून, ‘व्हॉयेजर’मधला पेंक, ‘एंटरप्राइज’मधला निळा श्रान असं करत करत घरातलाच झाला. 2021 मध्ये ‘लोअर डेक्स’ या कार्टून मालिकेत तर फक्त आवाज होता, तरी लोकांनी ओळखलाच.

आणि एवढं करूनही यातल्या एकाही मालिकेत ते कायमच्या नटसंचात नव्हते. प्रत्येक वेळी पाहुणे. ‘एंटरप्राइज’च्या पाचव्या सीझनमध्ये श्रानला कायम करायचा विचार होता, पण 2005 मध्ये चौथ्या सीझननंतर मालिकाच बंद पडली.

पाहुण्या नटाला कामाच्या दिवसांचे पैसे मिळतात आणि मग पुढचं काम कधी, ते त्यालाच ठाऊक नसतं. नायकाचं तसं नसतं, त्याचा काही वर्षांचा करार असतो. रबराचं टोपरं दोघांनाही तितकंच गरम होतं.

वेगासला हॉटेलच्या हॉलमध्ये एसी इतका की बाबांनी बिनबाह्यांचा स्वेटर घातला होता. लांबच लांब टेबलं, प्रत्येक टेबलामागे एक नट, शेजारी पैसे घेणारा मदतनीस, समोर फोटोंचे गठ्ठे. आमच्या रांगेत पुढे बापलेक होते, दोघंही श्रानसारखे निळे रंगलेले. मुलाच्या डोक्यावर घरी बनवलेल्या, किड्यांच्या असतात तशा शिंगांसारख्या मिशा. (खऱ्या मालिकेत त्या मिशा दुरून रिमोटने हलवत असत. म्हणजे नट बोलतोय आणि डोक्यावरच्या मिशांचा अभिनय दुसराच कुणी करतोय. त्याच्याशी ताल जमवणं ही सोपी गोष्ट नाही.) टेबलावरच्या पांढऱ्या कापडाच्या कडेला निळ्या बोटांचे ठसे उमटले होते, आधी येऊन गेलेल्या लोकांचे. बाबा ते ठसे बराच वेळ बघत होते. आमच्याकडे मेकअपच्या खोलीतल्या टॉवेलवर असेच ठसे असायचे, गुलाबी.

आमची पाळी आली. फोटो बरेच होते. मला वाटलं बाबा वेयून घेतील. त्यांनी ब्रंट उचलला, ज्यात तोंडच दिसत नाही तो. मला म्हणाले, “यांना सांग, मीपण नट आहे.” मला ते इंग्रजीत कसं सांगावं कळेना, मागे रांग होती, मी घुटमळलो. तेवढ्यात बाबा स्वतःच बोलले : “आय ॲम ऑल्सो ॲक्टर. इंडिया. स्मॉल रोल्स.”

कोम्ब्स यांनी पेन खाली ठेवलं, उभे राहिले आणि दोन्ही हातांनी बाबांचा हात धरला. मग बाबांचं नाव एकेक अक्षर विचारून घेऊन चंदेरी शाईने फोटोवर लिहिलं. एवढंच. फार तर दोन मिनिटं. परत येताना बाबा विमानात फोटोचं पाकीट मांडीवर घेऊन बसले होते, वरच्या कप्प्यात ठेवू देईनात.

त्याच रात्री दादाला व्हिडिओ कॉल केला. फोटो बघून त्याने पहिलं काय विचारलं, तर “केवढ्याला?” सांगितलं. त्याने लगेच सत्तरने गुणलं. म्हणाला, “आपल्याकडे नाटक संपलं की रंगपटात जाऊन कुठल्याही मोठ्या नटाला फुकट भेटता येतं. हे लोक सहीचे पैसे घेतात, हा कलेचा बाजार आहे.” तुमच्या प्रश्नातही हाच सूर आहे, म्हणून दादाला तेव्हा जे देता आलं नाही ते उत्तर तुम्हाला देतो.

रंगपटात जाऊन भेटायची आपली रीत मलाही प्रिय आहे. पण ती फुकट नसते. तुम्ही नाटकाचं तिकीट काढलेलं असतं आणि त्यातूनच त्या नटाची नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, निघालेली असते. टीव्हीच्या नटाला रंगपट कुठे आहे? तो पहाटे मेकअपच्या खुर्चीत बसतो, कॅमेऱ्यासमोर बोलतो, चेहरा सोलून घरी जातो. ज्यांनी त्याला बघून रडायचं ते तिकडे हजार मैलांवर, तेही काही महिन्यांनी किंवा वीस वर्षांनी रडतात. टाळी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. हे कन्व्हेन्शन म्हणजे उशिरा उघडलेला रंगपट आहे. 1972 मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात स्टार ट्रेकचं पहिलं मोठं कन्व्हेन्शन भरलं, तेव्हा मूळ मालिका बंद होऊन अडीच वर्षं होऊन गेली होती. लोकांना राहवलं नाही म्हणून ते भरलं.

आणि बाजार म्हणाल, तर रने ऑबर्जोन्वा, म्हणजे तोच ओडो (मालिकेत तो पातळ होऊन बादलीत विसावा घेतो), कन्व्हेन्शनमध्ये ओडोच्या बादलीची चित्रं काढून द्यायचे आणि त्याचे पैसे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदत संस्थेला जायचे. 2019 मध्ये ते गेले. आपले चंद्रकांत गोखले सैनिकांसाठी देणग्या द्यायचे, तेही चरित्र अभिनेतेच. त्यांना दुय्यम म्हणायची माझ्या दादाची छाती आहे का?

नायकावर लोक प्रेम करतात ते त्याच्या चेहऱ्यासाठी. चरित्र अभिनेत्यावर करतात ते त्याच्या कामासाठी, कारण चेहरा तर त्याने लपवलेलाच असतो. कोम्ब्स यांच्या रांगेत उभा असलेला प्रत्येक माणूस त्यांना कधीतरी बाबांसारखा स्वतः ओळखून बसलेला असतो : “अरे, हा तोच!” तो शोध त्याचा स्वतःचा असतो. कुणी पोस्टर लावून सांगितलेला नसतो. म्हणून ही रांग. माझ्या मते याहून जास्त कारण शोधायची गरज नाही.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सही आणि व्यावसायिक फोटो यांचे पैसे वेगळे असतात. तो फोटो काढायच्या फंदात पडू नका, तिथे उभं केलं, क्लिक, पुढचा, एवढंच होतं. सहीच्या टेबलावर दोन शब्द बोलता येतात. रोख डॉलर जवळ ठेवा. फोटो गडद असेल तर चंदेरी किंवा सोनेरी पेन मागा, काळं दिसत नाही. कोम्ब्स नेमके कोणत्या दिवशी आहेत ते आधी बघा, सगळे नट सगळे दिवस नसतात, आणि ऐन वेळी रद्दही होतात. त्यांचा कार्यक्रम पत्रिकेत दिसला तर चुकवू नका. ‘डीप स्पेस नाईन’मधलेच केसी बिग्ज, मॅक्स ग्रोडेनचिक ही मंडळी आणि ते मिळून गाणी म्हणतात. केसी बिग्ज म्हणजे डमार, ज्याचं वेयूनशी क्षणभर पटत नाही. ते दोघं एकत्र गाताना बघणं हे बाबांना सहीपेक्षाही आवडलं होतं. सगळेच नट असे मोकळे नसतात, काही मान वर न करता सही करतात, तेही खरं. आणि घरात पैशांची खरीच ओढाताण असेल तर कर्ज काढून जायची ही गोष्ट नाही. पण तसं असतं तर तुम्ही तसं विचारलं असतंत. तुम्ही ‘दुय्यम’ लिहिलंत.

वहिनींना विचारा, त्यांनी कोम्ब्स यांना पहिल्यांदा कशावरून ओळखलं. माझी खात्री आहे, त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल आणि तुम्ही ते अजून विचारलेलं नाही.

बाबा सांगलीला परतले तेव्हा त्यांनी तो ब्रंटचा फोटो बाहेरच्या खोलीत लावला, त्यांच्या हवालदाराच्या कामाला मिळालेल्या अभिनय प्रमाणपत्राशेजारी. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. तेराव्यानंतर दादाने भिंत रंगवायला काढली आणि दोन्ही फ्रेमा उतरवल्या. प्रमाणपत्र परत लागलं, फोटो लागला नाही. विचारलं तर म्हणतो, माळ्यावर कुठेतरी असेल, रबराचा राक्षस देवाच्या खोलीसमोर बरा दिसत नाही.

दादा, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे. त्या फोटोवर बाबांचं नाव आहे. दिवाळीला येतोय, तोवर माळ्यावरून काढून ठेव.