सापडलेला काळा, जड दगड उल्कापाषाण आहे की नाही, हे घरच्या घरी कसं ओळखावं?

तुम्ही लिहिलंय की दगड काळा आहे, हाताला जड लागतो, चुंबक घट्ट चिकटतं आणि अंगावर बारीक भोकं आहेत. पहिल्या तीन गोष्टींनी काहीच ठरत नाही. चौथीनं जवळजवळ ठरतं, पण ते तुमच्या विरुद्ध.

असाच एक भोकांचा दगड आमच्या घरात १७ वर्षं काचेच्या कपाटात होता. मी सात वर्षांचा असताना बाबांनी एका रात्री गच्चीवरून हिरवट उजेडाचा मोठा गोळा जाताना पाहिला. समोरच्या टेकडीमागे तो विझला. सकाळी बाबा टेकडीपलीकडे चालत गेले आणि दोन किलोंचा काळा दगड घेऊन आले. पाहुणे आले की ते चुंबक लावून दाखवायचे आणि दादा त्या रात्रीची गोष्ट रंगवून सांगायचा. खरं तर तो त्या रात्री झोपलेला होता.

पुढे मी भूविज्ञान शिकलो आणि त्या कपाटाकडे बघणं जड जायला लागलं. उल्कापाषाण वातावरणातून येताना बाहेरून वितळत आणि झडत येतो, आणि शेवटी त्यावर जेमतेम मिलिमीटरभर जाडीची काळी साल उरते. ओल्या मातीत अंगठा दाबावा तसे खळगे त्यावर असू शकतात. फेसासारखी भोकं मात्र मळीला, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतून निघालेल्या टाकाऊ दगडी पदार्थाला असतात, नाहीतर लाव्हाच्या दगडाला, कारण दोन्हींत वायू अडकून थिजतो.

एका सुट्टीत मी बाबांना विचारून ग्राइंडरवर दगडाचा एक कोपरा घासला. आत काचेसारखा करडा पदार्थ, वाटाण्याएवढ्या पोकळ्या, आणि मधोमध चकाकणारा लोखंडाचा एक मणी. दादा ओरडलाच, "बघ, धातू आहे!" मलाही क्षणभर वाटलं की आपण चुकलो. पण उल्कापाषाणातल्या लोखंडात निकेल असतंच, साधारण पाच टक्क्यांच्या वर. तो मणी मी प्रयोगशाळेत नेला, कीस आम्लात विरघळवला, अमोनिया घालून वर डायमिथिलग्लायॉक्झाइम या निकेल ओळखणाऱ्या रसायनाचा थेंब टाकला. निकेल असतं तर गुलाबी रंग आला असता. तीनदा केलं, तीनदा आला नाही. मळी होती.

दादाचं म्हणणं आजही तेच आहे: मी बाबांच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवला. मी तसं काहीही केलं नाही. बाबांनी पाहिलेला अग्निगोल खरा होता, दगड त्याचा नव्हता. असे गोळे बहुधा जमिनीपासून १५-२० किलोमीटर किंवा त्याहून जास्त उंचीवरच विझतात आणि उरलेले तुकडे पुढे काही मिनिटं अंधारातच खाली येतात. टेकडीमागे पडल्यासारखा दिसलेला गोळा शेकडो किलोमीटर लांब असू शकतो. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे जे पडलं, ते अजून तिकडंच असेल." दुखावलेला माणूस असं विचारत नाही, हे दादानं कधीच ऐकून घेतलं नाही.

तो नेहमी १८०३ सालचं फ्रान्समधल्या लेग्लचं उदाहरण देतो: आकाशातून दगड पडतात हे लोक सांगत होते, विद्वान मानत नव्हते. बरोबर. पण तिथं चौकशीला पाठवलेल्या ज्याँ-बाप्तिस्त बिओ या शास्त्रज्ञानं नुसत्या साक्षी गोळा केल्या नाहीत. आसपासचे लोखंडाचे कारखाने आणि खाणी फिरून त्यानं मळीसुद्धा तपासली आणि पडलेल्या दगडांसारखं तिथं काही नाही, हे नोंदवलं. लोकांचं म्हणणं खरं ठरलं, त्यात या मळी तपासण्याचाही वाटा होता. मी तेवढंच केलं.

आता तुमचा दगड. चिनीमातीच्या फरशीच्या मागच्या, बिनझिलईच्या बाजूवर घासा. लालसर तपकिरी रेघ उठली तर हेमॅटाइट, काळी उठली तर मॅग्नेटाइट; दोन्ही पृथ्वीवरचीच लोहखनिजं. चुंबकाला भुलवण्यात मॅग्नेटाइट सगळ्यात पुढे. रेघ उठली नाही तर एक कोपरा कानशीनं सपाट करा. करड्या दगडात विखुरलेले धातूचे चकाकते कण दिसले, किंवा बारीक गोल दाणे दिसले, तर पुढे जाण्यात अर्थ आहे. पांढरे स्फटिक, काच किंवा पोकळ्या दिसल्या तर सोडून द्या. "जपून ठेवलाय, घासणार नाही" म्हणणाऱ्यांना खरं तर उत्तर नको असतं.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. चंद्रावरून आणि मंगळावरून आलेल्या दगडांत धातू जवळजवळ नसतो, चुंबक त्यांना धड चिकटतही नाही, आणि त्यांतल्या काहींत क्वचित पोकळ्याही सापडतात. आणि यापुढे चुंबक लावू नका. मंगळावरून आलेल्या 'ब्लॅक ब्यूटी' या उल्कापाषाणात अब्जावधी वर्षांपूर्वीच्या चुंबकत्वाची नोंद असायला हवी होती. तपासलेल्या तुकड्यांत ती हातातल्या चुंबकांनी पुसलेली आढळली. त्याऐवजी दगड हळूच होकायंत्राजवळ न्या आणि सुई हलते का बघा.

घासलेल्या कोपऱ्याचा फोटो उन्हात काढा, शेजारी पट्टी ठेवा, आणि इथंच टाका. मी बघतो.